ताणलेला स्टड : इंजिन-बदलातील एक प्रश्न आणि एक क्रियापद

प्रस्तुत लेखाचा विषय या पत्रिकेच्या वाचकांस काहीसा अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. मोटारीचे एक इंजिन काढून त्या जागी दुसरे बसवताना त्यातील ‘स्टड’ नावाच्या पोलादी कांबी पुन्हा वापराव्यात की बदलाव्यात, हा प्रश्न यंत्रशाळेचा आहे. भाषाशास्त्राच्या विभागात त्याचे काय काम, असे कोणीही विचारील. माझे उत्तर एवढेच की या प्रश्नाचा निर्णय मी एकदा चुकीचा दिला, आणि त्या चुकीचे मूळ एका मराठी क्रियापदाच्या रूपात होते. ते मूळ दाखवावयाचे तर स्टड म्हणजे काय, तो कोणते काम करतो आणि कशाने निकामी होतो, हे आधी सांगणे प्राप्त आहे. तो भाग थोडा विस्ताराने आला आहे, कारण त्यावाचून भाषिक भाग समजणार नाही.

ज्या मोटारीच्या संदर्भात हे घडले ती अँबॅसडर. कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथील कारखान्यातून १९५७ पासून निघू लागलेल्या या मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आरंभी तिच्यात बाजूच्या झडपांचे जुने इंजिन असे. १९५९ पासून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील, वरच्या झडपांचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले, आणि पुढील कित्येक वर्षे तेच तिची ओळख होऊन राहिले. १९८० च्या सुमारास याच मालिकेतील डिझेल इंजिन तिच्यात बसू लागले. १९९० नंतर इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिनही आले. माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली पेट्रोल अँबॅसडर माझ्याकडे आली तेव्हा तिच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला होता. मोडीत निघालेल्या दुसऱ्या एका अँबॅसडरचे त्याच जातीचे इंजिन मिळाले आणि ते बसवावयाचे ठरले. (इंजिन बदलले की त्याच्या क्रमांकाची नोंद परिवहन कार्यालयातून बदलून घ्यावी लागते. तो अध्याय निराळा आणि इंजिनापेक्षा अवजड आहे. तो येथे सोडून देतो.)

इंजिनाचा मुख्य भाग म्हणजे बिडाचा ब्लॉक. त्यात चार सिलिंडर असून त्यांतून दट्ट्ये खालीवर होतात. ब्लॉकवर झाकणासारखे बसते ते हेड. या दोहोंच्या सांध्यात गॅसकेटचा पातळ थर असतो. एकाच सांध्यातून जळणारा वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल अशा तिघांच्या वाटा जातात, आणि त्या एकमेकींपासून अलग ठेवण्याचे काम त्या थराकडे असते. इंधन पेटते त्या क्षणी आतला वायू हेडला वर ढकलू पाहतो. हे मिनिटाला हजारो वेळा घडते. अशा स्थितीत हेड ब्लॉकवर दाबून धरण्याचे काम स्टड करतात. स्टड ही दोन्ही टोकांस आटे असलेली कांब होय. तिचे एक टोक ब्लॉकमध्ये बसते, कांब हेडमधील भोकातून वर येते आणि वरच्या टोकावर नट चढतो. ‘बी’ मालिकेच्या पेट्रोल इंजिनात असे अकरा नट असतात. त्यांपैकी चार नट झडपा हलवणाऱ्या रॉकर-दांड्याच्या आधारांनाही धरून ठेवतात. यास्तव नुसता तो दांडा काढावयाचा झाला तरी आधी पाणी काढून हेडचे सारे नट सैल करावे लागतात, नाहीतर हेड असमान दाबाखाली येऊन वेडेवाकडे होण्याची भीती असते.

पुष्कळ इंजिनांत स्टडऐवजी बोल्ट असतो, आणि दोहोंतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बोल्ट आवळताना तो स्वतः फिरतो. म्हणजे त्यावर ओढ आणि पीळ ही दोन्ही एकदम येतात, आणि प्रत्येक वेळी ब्लॉकमधील आटे थोडे थोडे घासले जातात. स्टड मात्र ब्लॉकमध्ये बोटांनी फिरवून बसवावयाचा, पान्याचा जोर त्यावर लावावयाचा नाही. जोर लागतो तो वरच्या नटावर. त्यामुळे झीज झालीच तर ती बदलता येण्याजोग्या नटाची आणि स्टडची होते, ब्लॉकची नव्हे. ‘ब्लॉकमध्ये स्टड आवळावयाचा नसतो’ हे विधान वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता नट आवळल्याने नेमके काय होते? सामान्य समजूत अशी की नट हेडला खाली दाबतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. नट फिरू लागला की तो हेडवर टेकतो आणि त्यापुढे प्रत्येक फेऱ्यागणिक स्टडला वर ओढू लागतो. पोलादी कांब लांब होते. लांब झालेली कांब पुन्हा आखूड होऊ पाहते, आणि तिच्या या आखूड होण्याच्या ओढीनेच हेड खाली दाबले जाते. स्टड म्हणजे अतिशय ताठ अशी एक स्प्रिंगच होय. १० मि.मी. व्यासाची आणि १०० मि.मी. मोकळ्या लांबीची पोलादी कांब ४० किलोन्यूटन म्हणजे सुमारे चार टनांच्या भाराने ओढली तर तिची लांबी साधारण पाव मि.मी. वाढते. सांधा राखला जातो तो या पाव मि.मी.मुळे.

पोलाद असे लांब होऊन पुन्हा मूळ लांबीवर येते ते एका मर्यादेपर्यंत. मर्यादेच्या आत भार काढून घेतला की कांब पूर्ववत होते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या गुणास ‘स्थितिस्थापकता’ हा अन्वर्थक शब्द दिला आहे. मर्यादा ओलांडली की कांब तुटत नाही; ती थोडीशी कायमची लांब होते. नंतर भार काढला तरी ती पूर्वीइतकी आखूड होत नाही आणि मध्ये कोठेतरी बारीक होते. अशी कांब पुन्हा वापरली तर ती आवळता येते, दिसते ठीक, परंतु आवळताना ती पुढे पुढे लांबत राहते आणि हेडवर पुरेसा दाब येत नाही. विश्वकोशाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ यांचे प्रमाण तेथे मोडलेले असते. यंत्रशाळेत हे दोन्ही शब्द ऐकू येत नाहीत. तेथे दोहोंसाठी एकच शब्द आहे : ताण.

इंजिन गॅरेजमध्ये जोडले जात असता मी विभागात एका परीक्षेच्या गुणपत्रिका तपासत होतो. दूरध्वनी आला. मिस्त्री म्हणाले, “सर, स्टड ताणलेत सगळे. हेड बसवू का?”

मी म्हणालो, “बसवा.”

सुमारे सहाशे किलोमीटरनंतर खंबाटकी घाटात पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढला आणि उतरेना. गाडी थांबवून, थंड करून, कशीबशी परत आणली. तेलाची दांडी काढून पाहिली तर तेल ताकासारखे पांढुरके झालेले. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळले होते आणि पाणी तेलात उतरले होते. हेड उघडण्यापूर्वी मिस्त्रींनी मला पाना हातात धरावयास लावला. टॉर्क पाना ठरावीक जोर लागला की टक् असा आवाज करतो. मधल्या दोन नटांवर पाना फिरत राहिला, फिरत राहिला. आवाज काही येईना. नट फिरत होता तितकी कांब लांबत होती. मी विचारले, हे आधी का सांगितले नाही? त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. “सांगितलं की सर. ताणलेत म्हटलं ना मी. ताणलेत म्हणजे गेलेच.”

त्यांनी सांगितले होते हे खरे. मी ऐकले होते हेही खरे. मी जे समजलो ते असे : मिस्त्रींनी स्टड ओढून घट्ट बसवले आहेत, आता हेड चढवावयास परवानगी मागत आहेत. त्यांनी जे सांगितले ते असे : सर्व स्टड कायमचे लांबलेले आहेत, अशा स्थितीत हेड बसवावयाचे की नवे स्टड आणावयाचे? एकाच वाक्यातून हे दोन अर्थ निघतात ते का, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले कारण प्रयोगाचे. मराठीत सकर्मक क्रियापद पूर्णकाळी कर्मणी प्रयोगात येते आणि त्याचा मेळ कर्माशी बसतो. ‘मी स्टड ताणले आहेत’ या वाक्यातील ‘मी’ वगळला की उरते ‘स्टड ताणलेत’. कर्ता वगळणे मराठी बोलण्यात नित्याचे आहे. आता ‘ताणणे’ हे क्रियापद अकर्मकही वापरले जाते : ‘धुऊन धुऊन स्वेटर ताणला’. तेथे ‘स्टड’ हा कर्ता, आणि रूप पुन्हा तेच, ‘स्टड ताणलेत’. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, फाडणे-फाटणे अशा जोड्यांत हा घोटाळा संभवत नाही. ‘स्टड तोडलेत’ आणि ‘स्टड तुटलेत’ यांची गल्लत दूरध्वनीवरही होणार नाही. धातूचे रूपच सकर्मक-अकर्मक भेद वाहते. ‘ताणणे’ला असा जोडीदार नाही. ते ‘मोडणे’च्या वर्गात बसते : मी खुर्ची मोडली, खुर्ची मोडली.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ‘ताणलेला’ हे धातुसाधित विशेषण क्रियेनंतरची स्थिती सांगते, पण ती स्थिती बळ लावलेले असेपर्यंतची की बळ काढल्यावरही टिकणारी, याविषयी मुग्ध राहते. ‘ताणलेले धनुष्य’ म्हटले की दोरी सोडताच ते सरळ होणार हे गृहीत असते. ‘ताणलेला स्वेटर’ म्हटले की तो घडी घालून कपाटात ठेवला तरी ताणलेलाच. फळांच्या भाराने ‘वाकलेली फांदी’ आणि वाऱ्याने कायमची ‘वाकलेली फांदी’ यांतही हाच भेद आहे. उलट ‘झिजलेला’, ‘तुटलेला’, ‘गंजलेला’ यांत असे द्वैत नाही, कारण त्या क्रियांना परतीची वाटच नाही. म्हणजे ही संदिग्धता सर्व धातूंची नसून आकार बदलून पुन्हा मूळ रूपास येणे ज्या क्रियांत शक्य असते, अशा धातूंच्या ठिकाणीच ती उद्भवते. भाषा येथे पदार्थाच्या स्वभावाशी बांधलेली दिसते. मिस्त्रींनी नंतर जे वाक्य उच्चारले, ‘ताणलेत म्हणजे गेलेच’, त्यात ‘जाणे’ हे क्रियापद त्यांनी आपण होऊन आणले, हे योगायोगाचे नसावे. ‘सुकून गेला’, ‘विटून गेला’, ‘झिजून गेला’ यांत ‘जाणे’ परतीची वाट बंद करते. ‘स्टड ताणून गेलेत’ असे ते प्रथमच म्हणाले असते तर माझ्या हातून ती चूक झाली नसती.

परंतु दोष त्यांच्याकडे नाही, हे मला नंतर उमगले. ब्लॉकमध्ये स्टड आवळावयाचा नसतो हे वर सांगितले आहे. स्टडवर ताण येतो तो हेड चढवून, नट बसवून, ते आवळल्यावर. तत्पूर्वी तो मोकळा उभा असतो. मग हेड बसवण्यापूर्वी ‘स्टड ताणलेत’ याचा अर्थ ‘ताणून धरलेले आहेत’ असा होऊच शकत नाही. तो एकच अर्थ उरतो, आणि तो म्हणजे कायमचे लांबलेले. ज्यास यंत्र ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने वाक्य निःसंदिग्ध होते. संदिग्धता होती ती माझ्या अज्ञानात. वाक्यार्थाच्या विवेचनात आपण ‘संदर्भ’ हा शब्द फार सैलपणे वापरतो; येथे संदर्भ म्हणजे जोडणीच्या क्रमाचे ज्ञान होते, आणि ते वक्त्याकडे होते, श्रोत्याकडे नव्हते. आपल्या वर्गातील उदाहरणे बहुधा अशी निवडलेली असतात की श्रोत्यास वक्त्याइतकेच ठाऊक असते. गॅरेजमध्ये तसे नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुने स्टड पुन्हा वापरावेत काय? अँबॅसडरच्या काळातील इंजिनांचे स्टड स्थितिस्थापक मर्यादेच्या आतच आवळण्यासाठी योजिलेले होते, म्हणून ते निरोगी असतील तर पुन्हा वापरणे गैर नव्हे. कित्येक गाड्यांनी तीनतीनदा हेड उघडूनही मूळचेच स्टड वागवले आहेत. पण दुसऱ्या गाडीतून आलेल्या इंजिनाच्या बाबतीत त्यांचे पूर्ववृत्त कोणास ठाऊक नसते. ते किती वेळा उघडले, कोणी, कोणत्या पान्याने आणि किती जोराने आवळले, इंजिन कधी तापले होते काय, याची कोठे नोंद नसते. ऐतिहासिक पद्धती तेथे चालत नाही. वर्णनात्मक पद्धतीवरच भागवावे लागते.

त्या वर्णनाची रीत साधी आहे. स्टड काढून रॉकेलने धुवावेत, तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत. सारखे स्टड एका सपाट फरशीवर शेजारी उभे करून त्यांची उंची पाहावी. एखादा इतरांहून उंच दिसला की तो बाद. नंतर नवा नट घेऊन बोटांनी आट्यांवरून शेवटपर्यंत फिरवावा. ताणलेल्या जागी आट्यांमधील अंतर वाढलेले असते, तेथे नट अडतो. ही कसोटी डोळ्यांपेक्षा भरवशाची आहे. व्हर्नियर मापकाने कांबेचा व्यास तीनचार ठिकाणी मोजावा, कोठे बारीक झाली असल्यास कळते. गॅसकेटच्या पातळीवर पाणी झिरपून गंजाचे खड्डे पडलेले असतील तर बाकी सर्व ठीक असूनही स्टड टाकून द्यावा, कारण खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. माझ्या इंजिनाच्या अकरांपैकी चार स्टड नव्याच्या तुलनेत सुमारे अर्धा मि.मी. लांब निघाले. उरलेले सात कदाचित चालले असते. तरीही पूर्ण संच बदलला, आणि तसेच करणे योग्य असे माझे मत झाले आहे : जुन्या आणि नव्या आट्यांचे घर्षण निराळे असते, आणि घर्षण निराळे झाले की सारख्या टॉर्कला निराळा ताण येतो.

हा शेवटचा मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो. पान्यावर मोजला जातो तो ताण नव्हे. मोजला जातो तो फिरवण्यास लागणारा जोर. त्या जोराचा जवळजवळ नऊदशांश भाग नटाखालच्या आणि आट्यांतील घर्षणावरच खर्च होतो. स्टड लांबवण्याच्या कामी जेमतेम एकदशांश येतो. १० मि.मी.चा स्टड कोरड्या आट्यांवर ८० न्यूटन-मीटरने आवळला असता साधारण ४० किलोन्यूटन ताण येत असेल, तर तेच आटे तेलाने माखून त्याच आकड्यापर्यंत आवळल्यास तो ५३ किलोन्यूटनांच्या आसपास जातो. १०.९ श्रेणीच्या पोलादाची कायम लांबण्याची सीमा त्या जाडीला जवळजवळ तेथेच येते. (या श्रेणीच्या लेखनातील पहिला अंक तुटण्याचे बळ शंभर मेगापास्कलच्या पटीत सांगतो, आणि बिंदूनंतरचा अंक त्याच्या कितव्या दशांशावर कांब कायमची लांबू लागते ते सांगतो. दुकानदार तो ‘दहा पॉइंट नऊ’ असा दशांश अपूर्णांकासारखा वाचतात. वस्तुतः ती दोन स्वतंत्र चिन्हे आहेत.) म्हणून निर्मात्याने आटे कोरडे ठेवण्यास सांगितले आहे की तेल लावण्यास, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे असते. माझ्या इंजिनाचे पहिले स्टड कोणी ताणले असतील ते बहुधा तेल लावून आणि आकडा कोरड्याचा धरून, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही.

अलीकडच्या अनेक इंजिनांत प्रकरण याहून वेगळे आहे. त्यांचे हेड-बोल्ट मुद्दामच स्थितिस्थापक मर्यादेच्या पलीकडे आवळावयाचे असतात : प्रथम ठरावीक टॉर्क, नंतर ठरावीक अंश, उदाहरणार्थ ९० आणि पुन्हा ९०, इतका फेरा. त्या अवस्थेत ताण घर्षणाच्या चढउतारांवर फारसा अवलंबून राहत नाही, हा त्यातील लाभ. मात्र असा बोल्ट एकदाच वापरावयाचा, असे त्यांचे निर्माते सांगतात. जुन्या गाडीत नव्या जातीचे इंजिन बसवताना जी चूक सर्रास होते ती येथे. कारागिराचा हात जुन्या इंजिनावर तयार झालेला असतो. ‘दिसतोय चांगला, बसवू’ हा निकष तो नव्या बोल्टासही लावतो. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आणले तर धोका अधिक, कारण जुन्या पेट्रोल इंजिनात मिश्रण सातआठ पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा वीसपटींहून अधिक; आणि हेड उचलू पाहणारे बळही त्या मानाने वाढते.

जोडणीविषयी थोडेसे. ब्लॉकमधील स्टडची भोके तळाशी बंद असतील तर त्यांत तेल वा पाणी राहू देऊ नये. स्टड आत जाताना द्रवास निसटण्यास वाट न मिळाल्यास तो दाबला जातो, आणि बीड द्रवाच्या दाबापुढे टिकत नाही. केवळ यामुळे ब्लॉक फुटल्याची उदाहरणे कारागीर सांगतात. जुना स्टड निघत नसेल तर त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळावेत आणि खालच्या नटावर पाना लावावा. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळावेत. काही शे किलोमीटरनंतर गॅसकेट दबून बसते, तेव्हा जुन्या पद्धतीच्या इंजिनांत प्रत्येक नट किंचित सैल करून पुन्हा आकड्यावर आणावा. सैल न करताच आवळू गेल्यास चिकटलेल्या आट्यांमुळे पाना आधीच आवाज करतो आणि फसवतो.

भाषिक सामग्रीविषयी एक कबुली देणे भाग आहे. ‘ताणलेत’ या रूपाबद्दल वर जे लिहिले त्यास आधार एकाच गॅरेजमधील बोलण्याचा आहे, आणि ते गॅरेज पुण्याच्या परिसरातील आहे. कोल्हापूर, नाशिक किंवा नागपूर येथील कारागीर कायमच्या लांबलेल्या स्टडास काय म्हणतात, ‘ताणणे’ तेथे अकर्मक चालते काय, की त्यासाठी हिंदीतून आलेला एखादा शब्द रूढ आहे, हे पाहावयाचे आहे. ज्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक बोलींत रस असेल त्यांनी सुटीत आपल्या गावच्या गॅरेजमध्ये एक दुपार घालवावी, आणि प्रश्न विचारताना खराब स्टड हाती धरून विचारावा. तोंडी वर्णन करून विचारल्यास उत्तरातील क्रियापद बहुधा विचारणाऱ्याचेच परत येते. माझे चार लांबलेले स्टड विभागाच्या कपाटात ठेवले आहेत, ते याकामी नेता येतील.